पाळी थांबवणारी तांबी

गर्भनिरोधासाठी गर्भपिशवीत बसवलेली हॉर्मोनवाली तांबी काढून टाका, असं सांगायला येणाऱ्या बायकांची कारणं ऐकली तर बहुतेक वेळा दोनच असतात. एकीला बसवल्यापासून रोज थोडं थोडं लागतंय, दोन महिने झाले तरी डाग थांबत नाहीत. दुसरीला वर्ष झालं, काहीच येत नाही, आणि ते सगळं आत कुठेतरी साठतंय अशी धास्ती तिच्या मनात बसली आहे. दोघींच्या पिशवीत वस्तू तीच असते, जागेवर असते आणि आपलं काम चोख करत असते. पाळी कमी करणारी ही तांबी मागायला जिनं यायला हवं ती तिसरी मात्र येत नाही. महिन्यातले आठ दिवस तिच्या रक्ताच्या गाठी जातात, रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं, जिना चढताना धाप लागते. पण 'माझं पहिल्यापासून असंच आहे' म्हणून ती घरीच राहते. जास्त गेलेलं रक्त बाई निमूट सोसते आणि न आलेल्या रक्तानं घाबरते. या तांबीबद्दलचे बरेचसे गैरसमज या उलट्या हिशेबातून आलेले आहेत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. 'टी'च्या आकाराची मऊ प्लास्टिकची दांडी. उंची 32 मिलिमीटर, आणि दोन्ही हात पसरले की रुंदीही तेवढीच. उभ्या दांडीभोवती एक छोटं नळकांडं असतं, त्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल हे हॉर्मोन 52 मिलिग्रॅम. नळकांड्यावरच्या पातळ आवरणातून ते रोज थोडं थोडं झिरपतं. सुरुवातीला दिवसाला सुमारे 20 मायक्रोग्रॅम, पाच वर्षांनी जवळपास निम्मं, आठव्या वर्षाच्या अखेरीस 7च्या आसपास. हे औषध आपल्याला अनोळखी नाही. संबंधानंतर घ्यायच्या, केमिस्टकडे मिळणाऱ्या '72 तासांच्या' गोळीतही तेच असतं, दीड मिलिग्रॅम. म्हणजे त्या एका गोळीत जेवढं औषध एकदम पोटात जातं, तेवढं सोडायला या तांबीला सुरुवातीच्या वेगानं अडीच महिने लागतात. 'इतकी वर्षं हॉर्मोन अंगात राहणार' या भीतीला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

बाजारात तिचं सर्वांत ओळखीचं नाव मिरेना. केंद्र सरकारच्या मालकीच्या एचएलएल लाइफकेअरची एमिली ही त्याच जातीची. किंमत काही हजारांत जाते, वर बसवण्याचा खर्च वेगळा. सरकारी दवाखान्यात जी मोफत बसवतात ती तांब्याची: 380-ए, दहा वर्षांची, किंवा 375, पाच वर्षांची. दोन्हींचा आकार आणि बसवण्याची रीत सारखी वाटते म्हणून बायका दोन्हींना तांबीच म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो आहे. पण अंगावर जाण्याच्या बाबतीत दोघींची दिशा एकमेकींच्या विरुद्ध आहे. तांब्याच्या तांबीनं पाळी थोडी जास्त जाते आणि कळा वाढतात, विशेषतः पहिले काही महिने. हॉर्मोनच्या तांबीनं पाळी कमी होते. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच 8पर्यंत घसरलं आहे तिला तांब्याची बसवणं आणि हॉर्मोनची बसवणं यात केवळ किमतीचा फरक नाही.

हे एका साध्या आकडेमोडीनं कळतं. रक्ताच्या एका मिलीलिटरबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत 80 मिलीलिटरच्या वर रक्त गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला जास्त म्हणतं. म्हणजे 40 मिलिग्रॅम लोह. आपलं आतडं दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतं, तेही आहार बरा असेल तर. ज्या बाईचं दर महिन्याला 150 मिलीलिटर जातं, ती खजूर, गूळ आणि पालक खाऊन हा खड्डा भरू शकणार नाही. लोहाच्या गोळ्यांनीही तो जेमतेम भरतो, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढाच पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. सगळ्यांचं कारण पाळी नाही, हे खरं. पण गोळ्या वाटणारी यंत्रणा 'पाळीत किती जातं' हा प्रश्न फार कमी वेळा विचारते. 80 मिलीलिटर कुणी मोजत नाही, म्हणून खुणा पाहायच्या: तास-दोन तासांत पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, एकावर एक दोन पॅड लावावी लागणं, सात दिवसांच्या वर चालणं.

आता ती काम कसं करते. औषध जिथे सुटतं तिथेच, पिशवीच्या आतल्या अस्तरात, त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. रक्तात फार थोडं उतरतं. पिशवीच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट, चिकट होतो आणि शुक्राणू तिथेच अडकतात. जे पुढे जातात त्यांची चालण्याची ताकद मंदावते. अस्तर पातळ राहतं. बीज मात्र बहुतेकींमध्ये दर महिन्याला तयार होतं आणि सुटतं. अंडाशय आपलं काम करत राहतात, इस्ट्रोजेन बनत राहतं. म्हणून या तांबीनं थांबलेली पाळी आणि चाळिशी-पन्नाशीत गेलेली पाळी या दोन गोष्टी एक नव्हेत. हिच्यात हाडं ठिसूळ होत नाहीत, अंगातून वाफा निघत नाहीत.

आणि साठत काहीच नाही. पाळीत जे जातं ते महिनाभर वाढलेलं अस्तर असतं, त्याच्या फुटलेल्या रक्तवाहिन्यांतल्या रक्तासकट. अस्तर वाढलंच नाही तर पडायला काही उरत नाही. रक्त 'अशुद्ध' असतं आणि ते बाहेर पडलंच पाहिजे, ही समजूत कावळा शिवायच्या आणि बाजूला बसायच्या काळातली. घरातून बाजूला बसणं गेलं तरी समजूत राहिली आहे. चांगल्या शिकलेल्या बायकाही 'निचरा व्हायला हवा ना' असं म्हणतात. त्यांच्यावर हसण्यात अर्थ नाही. ज्या समाजात पाळी येणं ही तब्येत बरी असल्याची आणि दिवस न राहिल्याची दरमहा मिळणारी पावती आहे, तिथे ती पावती बंद झाली की माणूस अस्वस्थ होणारच. वर्षभरानंतर साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते, पुढच्या वर्षांत हे प्रमाण वाढत जातं. बाकीच्यांना एक-दोन दिवस थोडं लागून जातं. हे आधी सांगितलं तर बाई ठरवू शकते की हे मला चालेल का. नंतर सांगितलं तर ते स्पष्टीकरण राहत नाही, समजूत घालणं होतं.

पहिल्या महिन्यांतल्या डागांचं कारणही त्याच अस्तरात आहे. ते एका रात्रीत पातळ होत नाही. काही ठिकाणी आधी, काही ठिकाणी नंतर. आणि या फेरफारात वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, जरा कशानं फुटतात. म्हणून पहिले तीन महिने, काहींना सहा, कधी तपकिरी डाग, कधी चार दिवस लाल, मध्ये काही नाही, पुन्हा डाग, असं बेशिस्त चालतं. एकूण रक्त आधीपेक्षा कमीच असतं, पण दिवस जास्त असतात. आणि बाईला त्रास दिवसांचा होतो, मिलीलिटरचा नाही. उपास, पूजा, घरातलं कार्य, सगळं अडतं. रोज पँटी लायनर वापरून जांघेत चट्टे उठतात. या काळात मेफेनॅमिक ॲसिड किंवा ट्रॅनेक्सामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन बऱ्याचदा आराम पडतो. खूप जात असेल, पोट दुखत असेल किंवा ताप असेल तर मात्र 'होईल बरं' म्हणून थांबायचं नाही; तांबीची जागा, जंतुसंसर्ग आणि गर्भ, तिन्ही तपासायचं. माझा साधा आडाखा असा की जिला लग्न, परीक्षा किंवा मोठा प्रवास सहा आठवड्यांवर आला आहे, तिनं तो उरकल्यावरच बसवावी.

बसवण्यापूर्वीची तपासणी हा घाईत उरकला जाणारा भाग. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री हवी. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत बसवली तर संरक्षण लगेच सुरू होतं. त्यानंतर बसवली तर सात दिवस कंडोम वापरायचा. पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, हे हातानं तपासून कळतं, आणि ते कळल्याशिवाय आत काही घालणं धोक्याचं आहे. पिशवीच्या पोकळीत फायब्रॉइड (स्नायूची साधी गाठ) शिरलेला असेल, मधे पडदा असेल, तर तांबी नीट बसत नाही आणि बाहेर पडते. चालू असलेला ओटीपोटातला जंतुसंसर्ग, स्तनांचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, यांत ती बसवत नाहीत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे ओटीपोटाचा क्षयरोग. तो असेल तर तांबी बसवायची नाही. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी कारण शोधायचं. चाळिशीनंतर जास्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय तांबी बसवणं म्हणजे रोगावर पांघरूण घालणं. अस्तराचा कर्करोग सुरुवातीला रक्तस्रावानंच बोलतो. तांबीनं तो काही काळ गप्प बसू शकतो.

प्रत्यक्ष बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात. योनिमार्ग उघडा धरणारं स्पेक्युलम घालून पिशवीचं तोंड समोर आणतात, बीटाडीननं पुसतात आणि वुल्सेलम नावाच्या लांब चिमट्यानं त्या तोंडाचा वरचा ओठ धरतात. पहिली कळ इथे येते. तो ओठ हलका ओढला की तोंड आणि पोकळी यांच्यातला बाक सरळ होतो. ही ओढ न देता पुढे गेलं तर बाकाच्या भिंतीला भोक पडू शकतं. मग साउंड नावाची खुणांची सळई आत घालून खोली मोजतात. 6 ते 10 सेंटिमीटर असेल तर ठीक. दुसरी कळ इथली. मिरेना आत न्यायची नळी 4.4 मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरचा सरकता कडा मोजलेल्या खोलीवर लावतात, मुठीवरची सरक (पुढे-मागे होणारं बटण) पुढे ढकलून तांबीचे हात नळीत मिटवतात. नळी आत घालून कडा तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटरवर असतानाच थांबायचं, सरक खुणेपर्यंत मागे घ्यायची, म्हणजे हात उघडतात. पूर्ण उघडायला दहा सेकंद द्यायची. त्यानंतर कडा तोंडाला टेकेपर्यंत नळी पुढे न्यायची, सरक शेवटपर्यंत मागे ओढून तांबी सोडायची, नळी बाहेर. ही दहा सेकंदं आणि ते दीड-दोन सेंटिमीटर यांत बराच फरक पडतो. थेट तळाला टेकवून हात उघडले तर त्यांना तिथे उघडायला जागा नसते. तळापर्यंत न नेता आधीच सोडली तर तांबी तोंडाजवळ राहते, दुखत राहते आणि निसटते.

तांबीच्या खालच्या टोकाचे दोरे पिशवीच्या तोंडापासून सुमारे तीन सेंटिमीटर ठेवून कापतात. नवऱ्याला टोचतात अशी तक्रार आली की 'आणखी आखूड करा' असा आग्रह होतो, पण आखूड दोरा ताठ राहून जास्त टोचतो. लांब ठेवलेला काही आठवड्यांत मऊ पडून तोंडाभोवती वळतो. ही गोष्ट जोडप्याला आधीच सांगून ठेवावी.

दुखण्याबद्दल आपल्याकडे खरं बोललं जात नाही. 'मुंगी चावल्यासारखं' हे वाक्य ज्यांनी म्हटलं त्यांच्यापैकी कितींनी स्वतः बसवून घेतली असेल, कोण जाणे. योनिमार्गे बाळंतपण झालेल्या बाईला बऱ्याचदा पाळीच्या कळांएवढं दुखतं. जिला मूल नाही, किंवा ज्यांची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, त्यांना याहून बरंच जास्त दुखू शकतं. आधी घेतलेली आयब्युप्रोफेन नंतरच्या कळा कमी करते, बसवतानाची कळ फारशी नाही. त्यासाठी पिशवीच्या तोंडाशेजारी बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन देता येतं, ते मागायला लाजू नये. पिशवीचं तोंड मऊ करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या सरसकट सगळ्यांना देण्याचा उपयोग नाही. उलट त्यानं कळा वाढतात. ज्यांची हिस्टेरोस्कोपी (पिशवीत दुर्बीण घालून पाहणं) किंवा अस्तराची तपासणी भूल देऊन होणारच आहे, त्यांना त्याच वेळी बसवणं सोयीचं. पिशवीच्या तोंडाला ताण बसला की काहींची नाडी मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. टेबलावरून लगेच उठवू नये. पाय उंच ठेवून दहा-पंधरा मिनिटं पडू द्यावं. उपाशीपोटी येऊ नका, हा सल्ला यासाठीच, अर्थात भूल द्यायची नसेल तर.

काय बिघडू शकतं? सर्वांत जास्त वेळा, तांबी निसटते. शंभरातल्या तीन ते पाच जणींची पहिल्या काही वर्षांत बाहेर पडते, त्यातही सुरुवातीच्या वर्षात जास्त. बाळंतपणानंतर लगेच बसवली तर हे प्रमाण बरंच वाढतं, फायब्रॉइड किंवा अडेनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं) असलं तरीही. गाठींच्या लोंढ्याबरोबर ती कधी निघून गेली हे कळतही नाही. इथे थांबलेली पाळी उपयोगी पडते: वर्षभर काही येत नव्हतं आणि अचानक आधीसारखी भरपूर पाळी आली, तर तांबी आहे का ते आधी पाहावं. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांनी तो काढताना कडेनं दाबून त्याची हवाबंद पकड मोडायची, मगच ओढायचा; नाहीतर कपाच्या ओढीनं तांबी खाली येते, किंवा कपाबरोबर दोराच चिमटीत येतो.

भोक पडणं दुर्मीळ, हजारात एक-दोन. अंगावर पाजणाऱ्या आणि बाळंतपणाला वर्ष न झालेल्या बाईची पिशवी मऊ असते, तिथे हा धोका काही पटींनी जास्त. तरीही आकडा लहानच राहतो, म्हणून पाजणाऱ्या बाईला तांबी नाकारायचं कारण नाही. बसवणारा हात सरावलेला असावा, एवढंच. जंतुसंसर्गाचा धोका मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तो बसवताना आत गेलेल्या जंतूंमुळे. नंतर झालेल्या साध्या संसर्गावर अँटिबायोटिक सुरू करून दोन-तीन दिवस वाट पाहता येते, तांबी लगेच उपटायची गरज नसते. दोऱ्यांमुळे जंतू वर चढतात ही भीती 1970च्या दशकातल्या अमेरिकेच्या डाल्कन शील्ड या तांबीची देणगी. तिचा दोरा अनेक तंतूंचा होता आणि त्यांच्या फटींतून जंतू चढत. आजचे दोरे एकतंतू आहेत.

दिवस राहण्याची शक्यता वर्षाला हजारात एक-दोन, म्हणजे नळ्या बांधण्याच्या ऑपरेशनच्या तोडीची. पण राहिलेच तर त्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत असू शकतात. म्हणून तांबी असताना मळमळ, पोटात एका बाजूला दुखणं किंवा चक्कर आली तर चाचणी करायची, आणि ती पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी सोनोग्राफी. अंडाशयात पाण्याच्या गाठी दिसणं मात्र सामान्य आहे. त्या बहुतेक आपोआप दोन-तीन महिन्यांत विरतात. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' वाचून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत पोचू नये.

मुरुम, स्तन दुखणं, डोकेदुखी, उदास वाटणं या तक्रारी काहींना होतात, आणि त्या खऱ्या असतात. वजनाचा आरोप मात्र तुलनात्मक अभ्यासांत फारसा टिकलेला नाही. स्तनांच्या कर्करोगाबद्दल 2024 साली डेन्मार्कमधून मोठा अभ्यास आला: पाच वर्षांपर्यंत वापरणाऱ्या 10,000 स्त्रियांमागे सुमारे 14 जास्तीचे रुग्ण. हा आकडा लपवू नये आणि फुगवूही नये. त्याच्या शेजारी अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो हेही ठेवावं, आणि घरात आई-बहिणीला स्तनांचा कर्करोग झालेला असेल तर हा निर्णय बोलून, वेळ घेऊन करावा.

हे सगळं गर्भनिरोधाबद्दल झालं. माझ्या मते महाराष्ट्रात हिची खरी गरज आहे ती 'पिशवी काढून टाका' या सल्ल्याच्या आधीच्या पायरीवर. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विशी-तिशीतल्या बायका, अंगावर जाण्याची तक्रार, आणि उत्तर एकच. पाळीत खाडा पडला की मुकादम 500 रुपये कापतो, असं त्या सांगत होत्या. पिशवी काढल्यावर, अंडाशय ठेवले तरी, पाळी जाण्याचा काळ अलीकडे येऊ शकतो. तेही काढले तर तो तिशीतच सुरू होतो. अशा बाईला तांबी हे उत्तर आहे, असं एका वाक्यात मी म्हणणार नाही. पहिले सहा महिने डाग पडत असताना फडात पाणी नाही, आडोसा नाही, दाखवायला डॉक्टर नाही. तिथे ही तांबीही छळ ठरेल. कोपीजवळ (फडावरच्या झोपडीजवळ) मोरी आणि जवळ चालू असलेला दवाखाना या गोष्टी आधी येतात. पण ज्या तालुक्याच्या गावात ऑपरेशनचं टेबल आहे, तिथे तांबी बसवायचं टेबलही असतंच, आणि तिचं नाव घेतलं जात नाही, हे मला खटकतं.

नाव न घेण्यामागे पैसा आहे असं म्हणणं सोपं. दुसरं कारण असं की ऑपरेशन एकदा होऊन संपतं. तांबीला सहा महिने बोलत राहावं लागतं. फिनलंडमध्ये, जिथे तापानी लूक्काइनेन यांनी ही तांबी घडवली आणि 1990 साली ती पहिल्यांदा बाजारात आली, तिथे जास्त जाणाऱ्या 236 स्त्रियांना दोन गटांत विभागून पाहिलं गेलं: एकीकडे तांबी, एकीकडे पिशवी काढणं. पाच वर्षांनी दोन्ही गटांची तब्येत आणि समाधान सारखंच निघालं, तांबीच्या गटाचा खर्च बराच कमी. मात्र त्या गटातल्या 42 टक्के जणींनी तोवर पिशवी काढूनच घेतली होती. हे दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. निम्म्याहून जास्त जणींची पिशवी वाचली, आणि ज्यांना काढावी लागली त्यांनी आधी एक लहान उपाय करून पाहिला होता.

आपल्याकडे तांबीची जुनी बदनामी 1965च्या लूपपासूनची, म्हणजे तेव्हाच्या प्लास्टिकच्या तांबीपासूनची. कुटुंब नियोजनाच्या मोहिमेत तो मोठ्या संख्येनं बसवला गेला. नंतर अंगावर जाऊ लागलं तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. त्या बायकांच्या गोष्टी त्यांच्या सुनांपर्यंत पोचल्या. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेल्या विवाहित स्त्रिया 38 टक्के आणि तांबी वापरणाऱ्या जेमतेम 2 टक्के निघाल्या, त्यात या ऐकीव गोष्टींचाही वाटा असावा.

सोनोग्राफीची एक अडचण नेहमी येते. तांब्याची तांबी पडद्यावर लखलखीत रेघ होऊन दिसते. हॉर्मोनची तशी दिसत नाही. तिची दोन टोकं दिसतात आणि मधे सावली पडते. ते माहीत नसेल तर 'तांबी दिसत नाही' असा रिपोर्ट येतो आणि घरात हाहाकार. म्हणून सोनोग्राफीला जाताना कुठली तांबी आहे ते सांगावं, बसवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड सोबत न्यावं. दोरे हाताला लागत नसतील तर क्रम असा: आधी गर्भाची चाचणी, मग सोनोग्राफी, आणि पिशवीत नसेल तर पोट आणि ओटीपोट दोन्ही दिसतील असा एक्स-रे. दांडीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट घातलेलं असतं, त्यामुळे ती शरीरात कुठेही असली तर एक्स-रेत दिसते. दिसलीच नाही तर बाहेर पडली आहे. मिरेनात धातू नाही, एमआरआय खुशाल करावा.

काढणं बसवण्यापेक्षा सोपं. दोरे चिमट्यात धरून सावकाश, सरळ ओढायचे. हात वर मिटतात आणि ती बाहेर येते. दोरे आत ओढले गेले असतील तर बारीक चिमटा किंवा हिस्टेरोस्कोपी लागते. मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळावेत किंवा कंडोम वापरावा, कारण शुक्राणू पाच दिवस जगतात आणि संरक्षण त्याच क्षणी संपतं. मूल हवं असेल तर थांबायची गरज नाही. काढल्यापासून वर्षभरात दहातल्या आठ जणींना दिवस राहतात. अमेरिकेत 2022पासून गर्भनिरोधासाठी मिरेनाची मुदत आठ वर्षं आहे, जास्त पाळीच्या उपचारासाठी पाच. पंचेचाळिशीनंतर बसवलेली 52 मिलिग्रॅमची तांबी गर्भनिरोधासाठी पंचावन्नपर्यंत ठेवता येते, अशी ब्रिटनमधली शिफारस आहे.

आणि काढा म्हटलं की काढायची. 'एवढे पैसे घातलेत, आणखी तीन महिने बघा' हे एकदा सुचवायला हरकत नाही, दुसऱ्यांदा नको. काढायला सांगूनही जी बाईच्या पोटात तशीच राहिली, ती तांबी गावातल्या आणखी दहा जणींपर्यंत बातमी होऊन पोचते. बाहेर आल्यावर ती ट्रेमध्ये ठेवून बाईला दाखवावी: दोन्ही हात शाबूत आहेत, नळकांडं दांडीवर आहे, दोरे दोन आहेत. क्वचित एखादा हात तुटून आत राहतो, तो त्याच वेळी कळला तर बरं. नवी हवी असेल तर त्याच बैठकीत बसवता येते.